चूक खोडायची नाही, दिसू द्यायची : लशीच्या चाचणीचं ऑडिट कसं होतं?

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग पुण्यातल्या खोलीतून नाही, थेट गावाकडून. लोणी भापकर, तालुका बारामती. आमचा हा जिरायती पट्टा, त्यामुळे संध्याकाळी वारं सुटलं की मोबाईलच्या माइकमध्ये घुं-घुं होतं. मध्येच मोर ओरडला किंवा आज्जीने हाक मारली तर समजून घ्या. कट करत बसलो नाही.

विषय सुचला तो काल रात्री ओट्यावर. माझा आतेभाऊ पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करतो. त्याला एका लशीच्या चाचणीत भाग घेणार का, अशी विचारणा झालीये. त्याने माहितीपत्रकाचे फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर टाकले आणि खाली लिहिलं, "दादा, तू यातलाच आहेस ना? वाचून सांग." मी ओट्यावर बसून वाचत होतो. आज्जीने विचारलं, "म्हंजे आपल्या पोरावर प्रयोग करून बघत्यात व्हय?" मी समजावायला लागलो, तेवढ्यात आमचे आप्पा बोलले. आप्पा कमी बोलतात, पण नेमकं बोलतात. "कागदावर काय, लिहिणारा काहीबी लिहील. लिहिलेलं खरं हाय का, हे कोण बघतंय?"

या एका प्रश्नावर आजचा सगळा भाग आहे. मी डॉक्टर नाही. बी.टेक. करून सॉफ्टवेअरमध्ये आलो आणि गेली काही वर्षं अशा प्रणालीवर काम करतोय जिच्यात चाचण्यांची माहिती भरली जाते. आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकातून नाही, एका ऑडिटमध्ये घाम फुटल्यावर मिळालं. तो किस्सा सांगणारच आहे. पण आधी पाया.

तीन वेगवेगळी माणसं

लस बाजारात यायच्या आधी ती माणसांवर टप्प्याटप्प्याने तपासतात. आधी थोड्या लोकांवर, ती सुरक्षित आहे का हे बघायला. मग जास्त लोकांवर. शेवटी तिसऱ्या टप्प्यात हजारो लोकांवर : काहींना लस, काहींना प्लासिबो, म्हणजे लशीसारखंच दिसणारं पण लस नसलेलं काहीतरी. कोणाला काय दिलं हे घेणाऱ्यालाही माहीत नसतं आणि देणाऱ्यालाही. डेंग्यूच्या भारतीय लशीची अशी तिसऱ्या टप्प्यातली चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली. देशभरात १९ ठिकाणं आणि १० हजारांहून जास्त लोक, असा तिचा आराखडा.

आता इतक्या लोकांची माहिती बरोबर आहे का, हे बघणारे तीन जण असतात आणि लोक त्यांच्यात कायम गल्लत करतात.

पहिला मॉनिटर. चाचणीचा खर्च करणाऱ्या आणि जबाबदारी घेणाऱ्या संस्थेला स्पॉन्सर म्हणतात. मॉनिटर हा स्पॉन्सरचा माणूस. तो चाचणी चालू असताना ठरावीक काळाने केंद्रावर येतो आणि रोजच्या कामातल्या चुका पकडतो.

दुसरा ऑडिटर. यालाही बहुतेक वेळा स्पॉन्सरच नेमतो, पण त्या चाचणीच्या रोजच्या कामाशी त्याचा संबंध नसतो. तो फक्त केंद्र तपासत नाही, मॉनिटरने नीट काम केलं का हेही तपासतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांनाही सोडत नाही.

तिसरा इन्स्पेक्टर. हा सरकारचा. आपल्याकडे केंद्रीय औषध नियंत्रण संस्था, म्हणजे सीडीएससीओ. २०१९ च्या 'नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियमां'प्रमाणे हे अधिकारी आगाऊ कळवून किंवा न कळवताही तपासणीला येऊ शकतात.

एक गंमत सांगतो, मलाही आधी माहीत नव्हती. चाचण्या कशा करायच्या याचे आंतरराष्ट्रीय दंडक आहेत, 'गुड क्लिनिकल प्रॅक्टिस' म्हणतात त्यांना. ते १९९६ मध्ये ठरले आणि नंतर सुधारले गेले. त्यांत असं म्हटलंय की सरकारी यंत्रणेने ऑडिटचा अहवाल नेहमीची बाब म्हणून मागू नये. का? तर प्रत्येक अहवाल उद्या सरकारकडे जाणार म्हटल्यावर ऑडिटर हात राखून लिहील आणि केंद्रावरचे लोक त्याच्यापासून लपवतील. घरातली चूक घरात तरी मोकळेपणाने लिहिली जावी, म्हणून ही सोय. गंभीर उल्लंघनाची शंका असेल तर मात्र सरकार तो अहवाल मागू शकतं.

१४७ बाळांचा हिशोब

"एवढं काय त्यात, एखादी नोंद इकडची तिकडे झाली तर?" असं वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ.

शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे तुम्हाला माहीत असेल. तिथे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचं संशोधन केंद्र आहे. रोटाव्हायरसमुळे लहान बाळांना भयंकर जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं. त्यावरच्या 'रोटाव्हॅक' या भारतीय लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुणे जिल्ह्यातला ग्रामीण भाग अशा तीन ठिकाणी झाली. एकूण ६,७९९ बाळं. दर तीन बाळांमागे दोघांना लस, एकाला प्लासिबो. २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला : गंभीर रोटाव्हायरस जुलाबांपासून साधारण ५४ टक्के संरक्षण. २०१६ पासून ही लस राष्ट्रीय लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली.

आता या ५४ टक्क्यांच्या पोटात शिरू. गंभीर जुलाब झालेली बाळं लस घेतलेल्या ४,५३२ मध्ये ७१ निघाली आणि प्लासिबोच्या २,२६७ मध्ये ७६. बेरीज १४७. म्हणजे ६,७९९ बाळांच्या चाचणीचा निकाल या १४७ बाळांवर उभा आहे. बाकीच्यांना गंभीर आजार झालाच नाही.

समजा, प्लासिबो गटातली फक्त १५ बाळं नोंदीतून निसटली. कशी निसटतील? रात्री जुलाब सुरू झाले, आईने जवळच्या दुसऱ्याच दवाखान्यात नेलं आणि चाचणीवाल्यांना कळलंच नाही. किंवा नमुना घेतला पण डबीवर चुकीचं लेबल लागलं. मी मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघितलं. ७६ चे ६१ झाले की ५४ टक्क्यांचे ४२ होतात. (संशोधक याहून काटेकोर रीतीने मोजतात. हा आपला ढोबळ हिशोब.) पंधरा डब्यांनी लशीची पत पार बदलून गेली.

संसर्गजन्य आजारांच्या चाचण्यांचं हेच वैशिष्ट्य आहे. रक्तदाबाच्या औषधात प्रत्येक माणसाचा आकडा मिळतो. लशीच्या चाचणीत आपण वाट बघत असतो की कोण आजारी पडतंय. आजारी पडणारे थोडे असतात, म्हणून त्यांच्यातली एकेक नोंद जड असते. ऑडिटरला हे पक्कं माहीत असतं. तो सगळ्या कागदांना सारखा वेळ देत नाही. आजारी पडलेल्यांच्या फायली, त्यांचे नमुने, ते प्रयोगशाळेत कधी पोचले, तिथे कुठे ठेवले, यावर तो सगळ्यात जास्त बसतो.

आणि नुसता 'आजारी पडला' हा शिक्काही पुरत नाही. भोसरीत एक संस्था आहे, राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था हे तिचं आधीचं नाव, नारी म्हणायचे तिला. एचआयव्हीवरच्या एका मोठ्या जागतिक चाचणीचं ती एक केंद्र होती. जोडप्यातल्या एकाला एचआयव्ही आहे, दुसऱ्याला नाही. ज्याला आहे त्याला औषध लवकर सुरू केलं तर जोडीदार वाचतो का, हा प्रश्न. १,७६३ जोडपी होती. २०११ मध्ये पहिला निकाल आला तेव्हा ३९ जोडीदारांना लागण झाली होती. पण संशोधकांनी विषाणूंची जनुकीय जुळणी करून पाहिली, तर त्यातल्या २८ जणांनाच ती आपल्या जोडीदाराकडून झाल्याचं सिद्ध झालं. त्या २८ पैकी लवकर औषध सुरू केलेल्या गटातला एकच, २७ दुसऱ्या गटातले. ही पडताळणी केली नसती तर भलत्याच लागणीसुद्धा त्याच खात्यावर चढल्या असत्या.

ऑडिटर बसून काय बघतो?

पहिलं म्हणजे संमतीपत्र. सही आहे का, तारीख आहे का, आणि सही लस टोचायच्या आधीची आहे का. माहितीपत्रक बदललं असेल तर नव्या पत्रकावर पुन्हा सही घेतली का. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसासोबत निःपक्ष साक्षीदार होता का.

मग लशीचा हिशोब. किती कुप्या आल्या, किती वापरल्या, किती फुटल्या, किती परत गेल्या. बेरीज जुळलीच पाहिजे. फ्रीजच्या तापमानाची वही उघडतो. बहुतेक लशींना २ ते ८ अंश सेल्सिअस लागतं. वहीत महिनाभर रोज सकाळी बरोबर ९ वाजता बरोबर ४ अंश आणि सगळं एकाच पेनाने, एकाच दमात लिहिल्यासारखं दिसलं, की अनुभवी ऑडिटर गालात हसतो. खरा फ्रीज इतका शहाणा नसतो. आणि मध्ये लाईट गेली होती, तेव्हाचे आकडे कुठायत?

मग गंभीर घटना. भाग घेणारा माणूस रुग्णालयात भरती झाला, तर कारण काहीही असो, डॉक्टरने ते २४ तासांत कळवायचं असतं : सरकारी यंत्रणेला, स्पॉन्सरला आणि एथिक्स कमिटीला.

आणि या सगळ्याच्या तळाशी एकच कसोटी. नोंद कोणी केली ते कळतंय का? वाचता येतेय का? घडलं तेव्हाच लिहिली का, की आठवून नंतर? मूळ कागद आहे का, की त्याची नक्कल? आणि ती बरोबर आहे का? यातलं एक जरी नसेल तर ऑडिटरच्या लेखी ती नोंद लंगडी.

चूक झाली तर? व्हाइटनर लावायचा नाही. एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि बदलाचं कारण. आप्पांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "म्हंजे फेरफार." अगदी बरोबर! सातबाऱ्यावर जुनं नाव पुसून टाकत नाहीत. त्याला कंस करतात आणि फेरफाराचा नंबर लिहितात. तो नंबर धरून मागे गेलं की जमीन कोणाकडून कोणाकडे आणि कशी गेली ते सापडतं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला ऑडिट ट्रेल म्हणतो. कोणी, कधी, कोणता आकडा, कशावरून कशावर बदलला, याची पुसता न येणारी वही.

बाटली क्रमांक ५३-एन

माग राहिला नाही, किंवा राहूनही कोणी नीट बघितला नाही, तर काय होतं? यासाठी सव्वाशे वर्षं मागे, मुंबईत जाऊ.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजच्या इमारतीत मिळालेल्या तुटपुंज्या जागेत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना ती दिली. लस घेतलेले आणि न घेतलेले अशी तुलनाही केली. आज ती चाचणी कोणत्याही एथिक्स कमिटीत टिकणार नाही. कैद्याची 'हो' ही कितपत मोकळी 'हो', हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला येईल. पण लशीचा उपयोग दिसला. पुढे परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये तिचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल गाव. मुंबईहून आलेल्या पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस दिली. त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. हे १९ च्या १९ जण एकाच बाटलीतून लस घेतलेले. बाटलीचा क्रमांक ५३-एन.

चौकशी आयोग बसला. परळच्या प्रयोगशाळेत त्याआधी लस निर्जंतुक करायची पद्धत बदलली होती, कार्बोलिक आम्लाऐवजी नुसती उष्णता. दोष तिथेच, म्हणजे मुंबईत बाटली भरतानाच झाला असावा, असं आयोगाने धरलं. हाफकिनचं पद गेलं, तो देश सोडून गेला. पण आयोगासमोरच्या साक्षीतच दुसरी एक गोष्ट होती. मुल्कोवालला ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो पुन्हा वापरला होता. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. शिवाय बाटली उघडली तेव्हा तिला कसलाही वास आला नव्हता. मुंबईतच जंतू शिरले असते तर इतक्या दिवसांत ते आत वाढून वास यायला हवा होता.

या साक्षीकडे जगाचं लक्ष जायला काही वर्षं गेली. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मधून आवाज उठवला, तेव्हा कुठे हाफकिनवरचा ठपका निघाला. १९२५ मध्ये परळच्या त्याच प्रयोगशाळेला त्याचं नाव दिलं : हाफकिन इन्स्टिट्यूट.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला शास्त्रज्ञापेक्षा बाटलीच्या क्रमांकाने धरून ठेवलं. प्रत्येक बाटलीला क्रमांक होता आणि कोणाला कोणत्या बाटलीतून लस दिली हे कळत होतं. म्हणून १९ मृत्यू एका बाटलीपर्यंत नेता आले, बाकीचे ८८ जण का वाचले ते कळलं आणि लस स्वतः विषारी नाही हेही दिसलं. इतका माग शाबूत होता. पुढचा, म्हणजे चिमट्याचा माग साक्षीत असूनही बाजूला राहिला आणि एका माणसाची पाच वर्षं गेली. नोंद बेइमानाला पकडते हे आपल्याला पटतं. ती निर्दोष माणसालाही सोडवते, हे आपण विसरतो.

माझ्यावर आलेली वेळ

आता माझा किस्सा. चाचणी कुठली, कंपनी कुठली, हे सांगणार नाही.

आमच्या प्रणालीत गावोगाव फिरणारे कार्यकर्ते टॅबवर माहिती भरायचे. संमतीपत्र कागदावरच व्हायचं, पण ते झाल्याची नोंद टॅबवर. लस टोचल्याची नोंद केंद्रावरच्या कॉम्प्युटरवर. ऑडिटर बाईंनी वीस जणांच्या फायली नमुन्याला काढल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी शांतपणे विचारलं, "तीन जणांची संमती लस टोचल्यानंतरची आहे. एकाची तर अकरा मिनिटांनंतरची. कोण सांगेल मला?"

खोलीत सगळे गप्प. संमतीआधी सुई, याहून मोठा आरोप या क्षेत्रात नाही.

मी रात्री कोड उघडला आणि पोटात गोळा आला. चूक माझीच होती. गावात रेंज नसली की टॅब नोंद जवळ ठेवायचा आणि रेंज आली की सर्व्हरला पाठवायचा. अहवालात जी 'संमतीची वेळ' छापली जात होती, ती टॅबवर नोंद केल्याची नव्हती, सर्व्हरला पोचल्याची होती. एक ओळ. मी लिहिलेली. टेस्टिंग ऑफिसच्या वायफायवर केलं होतं, तिथे दोन्ही वेळा सारख्याच दिसायच्या.

आता खरी कबुली देतो. रात्रीचे साडेअकरा वाजलेले. त्या तीन नोंदींची खरी वेळ टॅबमध्ये होतीच. डेटाबेसमध्ये थेट शिरून तीन आकडे बदलले की काम संपणार होतं. आणि मी खोटं तर लिहिणार नव्हतो, खरी वेळच लिहिणार होतो! क्वेरी टाइप करून झाली होती, बोट एंटरवर. आमच्या टेस्टिंगच्या मॅडम शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं आणि इतकंच विचारलं, "तू चूक दुरुस्त करतोयस, की चूक झाली होती हे पुसतोयस?"

मी क्वेरी पुसली.

थेट डेटाबेसमधून बदल केला असता तर तो ऑडिट ट्रेलमध्ये आलाच नसता. आकडा बरोबर झाला असता, पण तो का बदलला हे कोणालाच कळलं नसतं. उद्या कोणाला त्या बदलाचा वास लागला असता, तर त्या तीन नोंदींवरच नाही, आमच्या प्रणालीतल्या एकाही आकड्यावर कोणी विश्वास ठेवला नसता. का ठेवावा? ज्याला गुपचूप खरं लिहिता येतं, त्याला गुपचूप खोटंही लिहिता येतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑडिटर बाईंना कोडची ती ओळ दाखवली. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मूळ कागद आणा." पहिल्या दोघांच्या संमतीपत्रावर तारखेशेजारी हाताने वेळ लिहिलेली होती, सुईच्या अर्धा-पाऊण तास आधीची. टॅबच्या वेळेशी जुळत होती. ती दोन प्रकरणं सुटली.

तिसऱ्या कागदावर तारीख होती, वेळ नव्हती. आणि तो टॅब मध्येच बिघडून बदलला गेला होता, त्यातली मूळ नोंद गेली होती. त्या ताईंना केंद्रावरून विचारलं. त्या म्हणाल्या, "सही आधीच केली होती की." मला वाटलं, झालं, संपलं. ऑडिटर बाईंनी ते लिहून घेतलं, पण निष्कर्षात वाक्य तसंच ठेवलं : संमती आधी घेतली होती हे सिद्ध करता येत नाही. 'घेतली नव्हती' असं नाही लिहिलं त्यांनी. 'सिद्ध करता येत नाही' असं लिहिलं. ही बाब एथिक्स कमिटीला कळवली गेली. ते वाक्य आजही त्या अहवालात आहे आणि असायलाच पाहिजे. त्या ताईंचा हक्क होता की सुईआधी त्यांना विचारलं गेलं याचा पुरावा असावा, आणि तो आम्हाला देता आला नाही.

पुढे काय? ऑडिटमध्ये 'चूक झाली, माफ करा' चालत नाही. मूळ कारण शोधायचं, दुरुस्ती करायची आणि पुन्हा होणार नाही अशी सोय करायची. आम्ही दोन्ही वेळा वेगवेगळ्या साठवायला आणि दाखवायला लागलो. कागदी संमतीपत्रावर वेळेचा वेगळा रकाना आला. जुने सगळे अहवाल पुन्हा काढून अशी आणखी प्रकरणं आहेत का ते तपासलं. आणि माझ्यापुरतं सांगायचं तर, आता टेस्टिंग करताना मी टॅब फ्लाइट मोडवर टाकतो.

मग आतेभावाला काय सांगितलं?

'घे' किंवा 'घेऊ नको' असं सांगितलं नाही. तो निर्णय त्याचा. पण विचारायचे प्रश्न दिले, तुम्हीही लिहून ठेवा.

एक, ही चाचणी भारताच्या क्लिनिकल चाचणी नोंदवहीत, सीटीआरआयमध्ये, नोंदलेली आहे का? पहिल्या माणसाला सामील करायच्या आधी ही नोंद व्हावी लागते आणि ती मोबाईलवर कोणालाही फुकट बघता येते. नंबर मागा, टाकून बघा.

दोन, एथिक्स कमिटी कोणती आणि तिचा फोन नंबर काय? या कमिटीत किमान सात जण असतात, त्यांत एक तरी वैद्यकाबाहेरचा सामान्य माणूस असावा लागतो आणि निम्मे सदस्य त्या संस्थेशी संबंध नसलेले असावे लागतात. तक्रार असेल तर थेट त्यांच्याकडे करता येते.

तीन, सही केलेल्या संमतीपत्राची आणि माहितीपत्रकाची प्रत घरी घेऊन या. ती तुमची आहे. सही करताना तारीख स्वतःच्या हाताने घाला आणि आता तुम्हाला कारण माहीत आहे, शेजारी वेळही घाला.

चार, मध्येच सोडायचं असेल तर कधीही सोडता येतं, कारण न देता. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई द्यावी लागते. हे पत्रकात लिहिलंय का बघा.

पाच, चाचणीत असताना आजारी पडलात आणि दुसऱ्या दवाखान्यात गेलात, तरी केंद्राला फोन करा. ते १५ डब्यांचं गणित आठवा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ऑडिट म्हणजे जादू नाही. वीस फायली काढल्या जातात, सगळ्या नाहीत. एकविसाव्या फाईलमध्ये काय होतं हे ऑडिटरला त्या दिवशी कळत नाही. म्हणून सगळा भार ऑडिटरवर टाकून चालत नाही. टॅब हातात असलेली आशाताई, फ्रीजचं तापमान लिहिणारा मुलगा, कोड लिहिणारा माझ्यासारखा, आणि सही करणारे तुम्ही, सगळेच त्या मागाचा एकेक तुकडा लिहीत असतात.

आज सकाळी चहा पिताना आप्पांना हे सगळं थोडक्यात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या तिसऱ्या बाईचं मग काय झालं?" मी म्हणालो, "त्या बऱ्या आहेत. पण अहवालात सिद्ध नाही म्हणूनच लिहिलंय." आप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तसं लिहिलंय व्हय? मग बाकीचं खरं असंल."

चला मंडळी, लाईट जायच्या आत अपलोड करतो. तुमच्या घरात कोणी चाचणीत भाग घेतला असेल, तर त्यांना एकच विचारा : सही आधी घेतली की नंतर? उत्तर काय आलं ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू!